घरचा लॅपटॉप आणि कचेरीचें बिनतारी जाळें

आमच्या घरांत माणसें अकरा आणि लॅपटॉप एक. तो कोणाचा, असें कोणी विचारिल्यास उत्तर देणें कठीण. २०२० सालीं शाळा बंद होऊन मुलांचे वर्ग पडद्यावर भरूं लागले, तेव्हां आम्हां तिघां बंधूंनीं वर्गणी काढून तो घेतला. पुढें शाळा सुरू झाल्या, तरी तो माजघराच्या कोनाड्यांत कायमचा राहिला. सकाळीं थोरल्या वहिनी त्यावर कीर्तन ऐकत, तिसऱ्या प्रहरीं नातवंडें त्यावर खेळत, आणि रात्रीं सर्वांची निजानीज झाली म्हणजे घटका दोन घटका तो आमच्या वांट्यास येई. त्या वेळांत आम्ही आमच्या कुळाची वंशावळ तयार करीत होतों. घरांतील पत्र्याच्या पेटींत आमच्या पणजोबांच्या वेळेपासूनचीं मोडी पत्रें आहेत. तीं वाचावयाचीं, बालबोधींत उतरावयाचीं, आणि त्यांतून कोण कोणाचा, कोण कोठें जाऊन राहिला, कोणती मुलगी कोणत्या गांवीं दिली, हें जुळवीत बसावयाचें, असा तो उद्योग. शाळेंतून निवृत्त झाल्यावर हें काम आम्हीं हातीं घेतलें. प्रथम वह्यांत, आणि मग वह्यांतील सर्व मजकूर यंत्रांत.

२०२३ च्या आषाढांत धाकट्या पुतण्याची पत्नी, म्हणजे आमची सूनबाई, हिला सातपूरकडील एका कचेरींत नोकरी मिळाली. काम मनाजोगें, पगार बरा. अट एवढीच कीं, पहिल्या वर्षीं लॅपटॉप ज्याचा त्यानें आणावा. असा प्रघात आतां पुष्कळ ठिकाणीं आहे, आणि करोनाच्या साथींत घरून काम करण्याची संवय लागल्यापासून तो वाढलाच आहे. "नाना, दिवसां मीं नेला तर चालेल का? रात्रीं तुमच्या कामाला परत आणीन," असें तिनें आम्हांस विचारिलें. नको म्हणण्याचें कारण नव्हतें.

पहिल्याच दिवशीं ती हिरमुसली होऊन परत आली. कचेरीच्या बिनतारी जाळ्याचें नांव पडद्यावर दिसे, दिलेला परवलीचा शब्द ती बिनचूक घाली, आणि तरीहि यंत्र आंत जाईना. शेजारच्या मेजावरील मुलाचें यंत्र मात्र क्षणांत जोडलें जाई. "माझ्याच हाताला यश नाहीं," असें ती म्हणाली, तेव्हां आम्हांस आमचे जुने विद्यार्थी आठवले. देव शब्द सातहि विभक्तींत पाठ, पण वाक्य मांडावयास सांगितलें कीं अडले. आणि दोष द्यावयाचा तो नशिबास! त्या रात्रीं वंशावळ बाजूस ठेवून आम्ही दोघें हें प्रकरण समजून घेण्यास बसलों. सूनबाई वाची, आम्ही शंका काढीत असूं.

लहरी घरच्या आणि कचेरीच्या निराळ्या नसतात. तारेवांचून भिंतीपलीकडे खूण पोंचविण्याचा प्रयोग जगदीशचंद्र बोस यांनीं कलकत्त्यास १८९५ सालीं लोकांसमक्ष करून दाखविला होता. आज घरोघरीं असलेली वायफायची पेटी तेंच करिते. मात्र एका सेकंदांत सुमारें २४० कोटी आंदोलनें होणाऱ्या, किंवा त्याच्या दुपटीहून अधिक आंदोलनें होणाऱ्या लहरींनीं. पहिल्या प्रकारच्या लहरी परवान्यावांचून वापरण्याची मोकळीक आपल्या देशांत २००५ सालीं मिळाली. आमचा वाडा जुन्या नाशकांत गंगेच्या उतारावर आहे, आणि त्याच्या भिंती दीड हात जाडीच्या. पहिल्या लहरी त्यांतून कशाबशा पलीकडे जातात. दुसऱ्या वेगवान खऱ्या, पण माजघर ओलांडतांनाच थकतात.

भेद आहे तो येणाराची ओळख पटविण्यांत. घरच्या जाळ्यास परवलीचा शब्द एकच. दिंडीदरवाज्याची एकच किल्ली अकरा जणांनीं वापरावी, तसा हा प्रकार. ती किल्ली एकदां शेजाऱ्यास दिली कीं परत मागतां येत नाहीं. कुलूपच बदलावें लागतें. चांगल्या कचेरींत असें नसतें. तेथें प्रत्येकास स्वतःचें नांव व स्वतःचा परवलीचा शब्द असतो, आणि भिंतीवरील पेटी आपण होऊन कोणास आंत घेत नाहीं. ती देवडीवरचा शिपाई. आलेल्याचें नांव आंत कारभाऱ्याकडे धाडिते, आणि कारभाऱ्याची यादी पाहून झाली म्हणजे दार उघडिते. कोणी नोकरी सोडली, तर त्याचें एकट्याचें नांव यादींतून काढिलें कीं झालें.

इतकें समजण्यास सोपें होतें. पुढची गोष्ट आम्हांस विशेष वाटली. कचेरीनें जशी लॅपटॉपची ओळख विचारावयाची, तशी लॅपटॉपनेंहि कचेरीची विचारावयाची असते! कारण जाळ्यास नांव कोणींहि कांहींहि ठेवावें. समोरच्या चहाच्या दुकानांत एखादा लबाड यंत्र मांडून बसला आणि त्यानें आपल्या जाळ्यास कचेरीचेंच नांव दिलें, तर पडद्यावर दोन्ही सारखींच दिसतात. आणि भाबडें यंत्र आपला परवलीचा शब्द त्याच्या हवालीं करितें. आम्ही पंचवटीच्या गांवचे लोक. येथें यतीचा वेष घेऊन दाराशीं कोण आला होता, हें शाळेंत न गेलेल्या बाईसहि ठाऊक आहे. म्हणून कचेरीचें जाळें प्रथम आपलें प्रमाणपत्र पुढें करितें, व लॅपटॉपनें तें पडताळून पाहावयाचें असतें. तें पटलें नाहीं तर यंत्र सूचना देतें. ती सूचना न वाचतां पुढें जाणारे लोक पुष्कळ, हें निराळें.

सूनबाईच्या यंत्रास प्रवेश न मिळण्याचें कारण येथेंच होतें, आणि तें कळतांच तिला हंसूं आवरेना. प्रमाणपत्रावर अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत अशी मुदत घातलेली असते. आमच्या नऊ वर्षांच्या नातवानें, कोणत्याशा खेळांतील उद्यांचें बक्षीस आजच मिळावें म्हणून, यंत्राची तारीख दोन वर्षें पुढें सारून ठेविली होती. त्या हिशेबानें कचेरीच्या प्रमाणपत्राची मुदत केव्हांच सरलेली! कचेरीस दोष नाहीं, परवलीच्या शब्दास नाहीं, आणि सूनबाईच्या हातास तर मुळींच नाहीं. तारीख नीट केली, नातवास कान धरून समज दिली, आणि अर्धें काम झालें.

उरलेलें अर्धें कचेरींतील संगणकविभागाच्या तरुणानें दुसऱ्या दिवशीं केलें. प्रत्येक यंत्राच्या बिनतारी भागास बारा अंकाक्षरांचा एक जन्मजात क्रमांक असतो. तो त्यानें आपल्या वहींत नोंदविला. हल्लींचीं कित्येक यंत्रें बाहेर कोणी पाळत ठेवूं नये म्हणून हा क्रमांक मुद्दाम बदलून सांगतात. बाजारांत तें शहाणपणाचें आहे; कचेरींत मात्र नोंदलेला क्रमांक जुळत नाहीं म्हणून दार बंद राहतें, आणि ती सोय त्या एका जाळ्यापुरती काढून ठेवावी लागते. राहून गेलेल्या सुधारणा यंत्रांत भरून घेण्यांत पाऊण तास गेला. शेवटीं त्यानें कचेरीचा एक व्यवस्थापक प्रोग्राम लॅपटॉपमध्यें बसविला. त्या वेळीं पडद्यावर एक अनुमतिपत्र आलें. इंग्रजी, बारीक अक्षरांचें, चौदा पानांचें. तळाशीं 'मान्य आहे' अशा अर्थाची कळ होती. सूनबाईनें ती दाबली. दोन मिनिटांत जाळें जोडलें गेलें, आणि तिनें मोठ्या आनंदानें घरीं फोन केला, "नाना, जोडलें!"

कचेऱ्यांचें हें सोंवळें कोणास अतिरेकी वाटेल. आम्हांसहि वाटलें होतें. परंतु त्यामागें आपल्याच प्रांतांत घडलेल्या गोष्टी आहेत. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेस बॉंबस्फोट झाले. त्याच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तसंस्थांस धमकीचा एक ईमेल गेला होता, आणि शोध करितां तो नवी मुंबईंत सानपाड्यास राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरच्या जाळ्यावरून गेलेला आढळला. त्या गृहस्थास याची वार्ताहि नव्हती. जाळें उघडें होतें, कोणी बाहेरून त्यांत शिरला, आणि चौकशीचा ससेमिरा मात्र घरधन्याच्या मागें लागला. पुढच्याच महिन्यांत माटुंग्याच्या खालसा कॉलेजचें जाळें, आणि सप्टेंबरांत दिल्लीच्या स्फोटांच्या वेळीं चेंबूरमधील एका कंपनीचें जाळें अशाच कामीं वापरलें गेलें. २००९ च्या आरंभीं मुंबईचे पोलीस उघडीं जाळीं शोधीत रस्त्यांतून फिरले, आणि त्याच वर्षीं केंद्रसरकारच्या दूरसंचार खात्यानें बिनतारी जाळीं सुरक्षित राखण्याविषयीं सूचना काढल्या.

हा झाला बाहेरच्या चोराचा प्रकार. आंतल्या संसर्गाचा प्रकार याहून वाईट. जून २०१७ मध्यें 'नॉटपेट्या' नांवाचा एक विषारी प्रोग्राम युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारणेबरोबर पसरला. मर्स्क ह्या जहाजकंपनीच्या जाळ्यांत तो शिरला, आणि कोणीं कळ दाबण्याची वाट न पाहतां यंत्रामागून यंत्र ग्रासत गेला. त्याचा परिणाम असा कीं, आमच्या जिल्ह्यांतील कांदा व द्राक्षें ज्या न्हावाशेव्याच्या बंदरांतून परदेशीं जातात, त्या बंदरांतील ह्या कंपनीच्या समूहाकडे असलेल्या धक्क्याचें काम बंद पडलें. कोठें युक्रेन आणि कोठें न्हावाशेवा! एका जाळ्यांतील यंत्रांचें नातें असें असतें. बाहेर दहा ठिकाणीं फिरून आलेला, नातवंडांनीं वाटेल तो खेळ उतरवून घेतलेला लॅपटॉप एकदम आंत घेण्यास कचेरी कचरत असेल, तर तिला हंसण्यांत अर्थ नाहीं.

आमच्या वाड्यांत ओटी, माजघर व देवघर अशी पायरी आहे. पाहुण्यास ओटीवर पाट मिळतो, पाणी मिळतें. म्हणून तो देवघरांत शिरत नाहीं, आणि त्यास त्याचा विषाद वाटत नाहीं. शहाण्या कचेऱ्या बिनतारी जाळ्याचेहि असे भाग पाडतात. पाहुण्यांकरितां एक जाळें निराळें असतें. त्यावरून बाहेरच्या जगाशीं संबंध येतो, पण कचेरींतील कागदपत्रांपर्यंत वाट जात नाहीं. आमच्या मतें घरच्या लॅपटॉपची जागा ती ओटी. तेवढ्यावर काम भागत असेल, तर पुढें जाण्याचा आग्रह कर्मचाऱ्यानें धरूं नये आणि कचेरीनेंहि करूं नये. सूनबाईचें काम मात्र माजघरांतलें होतें. तिला आंतील कागद हवे असत. आणि जो माजघरांत शिरला, त्यास त्या घराचे नियम पाळणें प्राप्त झालें. ते नियम कोणते, तें त्या चौदा पानांत होतें.

जाळें सुरळीत चाललें. आठ महिने ती रोज लॅपटॉप नेई आणि रात्रीं तो आमच्या हातीं देई. एवढें खरें कीं, बँकेचे व्यवहार ती कचेरींत बसून करीत नसे. यंत्रांत एकदां कचेरीचें मूळ प्रमाणपत्र बसविलें म्हणजे त्या जाळ्यावरून जाणारा मोहोरबंद मजकूरहि कचेरीस वाटेंत उघडून पाहतां येतो, हें तिनें कोठें तरी वाचिलें होतें. लखोटा उघडून पुन्हां चिकटवून पुढें धाडावा, तसा प्रकार. कचेरी तसें करीत होती, असें आमचें म्हणणें नाहीं. करूं शकत होती एवढेंच.

२०२४ च्या माघांत सूनबाईस दुसरीकडे अधिक चांगली जागा मिळाली. शेवटच्या दिवशीं तिनें सर्वांस पेढे वांटले, ओळखपत्र परत केलें, आणि संध्याकाळीं घरीं येऊन लॅपटॉप कोनाड्यांत ठेविला. रात्रीं नेहमीप्रमाणें आम्हीं तो उघडला. घरच्या जाळ्याशीं तो जोडला गेला, क्षणभर थांबला, आणि आपोआप बंद होऊन पुन्हां सुरू होऊं लागला. आम्हांस वाटलें, कांहीं सुधारणा चालली असेल. अर्ध्या तासानें पडदा उजळला, तो तुमची भाषा कोणती, देश कोणता, असें विचारूं लागला. दुकानांतून नवा आणिला त्या दिवशीं त्यानें हेंच विचारिलें होतें.

आम्हीं सूनबाईस हांक मारिली. तिनें पाहिलें, आणि ती मट्कन खालीं बसली.

झालें तें असें. कचेरीच्या व्यवस्थापक प्रोग्रामास दुरून आज्ञा देतां येते, आणि अशा आज्ञा दोन असतात. एक केवळ कचेरीचे कागद व कचेरीची जोडणी काढून घेते आणि घरची सामग्री जागच्या जागीं सोडते. दुसरी यंत्र समूळ धुऊन टाकिते. आज्ञा दिली त्या वेळीं यंत्र बंद असलें, तर तें पुन्हां कोठेंहि जाळ्याशीं जोडलें जातांच ती अंमलांत येते. सूनबाईचें नांव यादींतून काढणारानें, घाईनें असो कीं रिवाजानें, दुसरी आज्ञा दिली होती. आमच्या पेटींतील सगळीं पत्रें उतरून झालेलीं, सात पिढ्यांचा वृक्ष, गांवांची सूची, सर्व गेलें.

घर दोन दिवस गप्प होतें. थोरल्या वहिनी एकदांच बोलल्या, "घरची वस्तु बाहेर नेऊं नये ती याकरितांच." वाक्य लहान, पण सूनबाईनें त्या रात्रीं पान वाढून घेतलें नाहीं. आम्हांस मग गप्प राहणें अशक्य झालें. खरी गोष्ट अशी कीं, मूळ वह्या असत्या तर कांहींच बिघडलें नसतें. आणि त्या वह्या, मजकूर आतां यंत्रांत सुरक्षित आहे अशा समजुतीनें, गेल्या दिवाळीच्या आवराआवरींत रद्दींत कोणीं घातल्या होत्या? आम्हींच. आम्हीं सूनबाईस समोर बसवून सांगितलें, "अग, चौतीस वर्षें मुलांना बजावीत आलों कीं प्रश्नपत्रिका दोनदां वाचा. तीं चौदा पानें त्या रात्रीं आपण दोघांनीं वाचावयाचीं होतीं. चूक तुझी असेल तर आमची दुप्पट आहे. ऊठ, जेवून घे." वहिनींनींच मग तिचें पान वाढलें.

कचेरीस आम्हीं पत्र लिहिलें. उत्तर दोन ओळींचें आलें: अनुमतिपत्राच्या अकराव्या पानावर ह्याची स्पष्ट जाणीव दिलेली आहे, आणि आपल्या वैयक्तिक यंत्रास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहों. आम्हीं तें पान पाहिलें. जाणीव होती. कायद्याच्या दृष्टीनेंहि पाहिलें. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ४३ वें कलम दोन्हीकडे धार असलेलें आहे. धन्याच्या परवानगीवांचून त्याच्या जाळ्यांत शिरणें हा जसा दोष, तसाच परवानगीवांचून दुसऱ्याच्या संगणकांतील माहिती पुसणें हाहि दोष. सारें 'परवानगी' ह्या शब्दावर येऊन ठेपतें, आणि परवानगी आमच्या सूनबाईनें दिली होती. कचेरीनें कायदा मोडला नाहीं. सौजन्य मोडलें, असें आम्ही म्हणतों. सौम्य आज्ञेनें भागत असतां कठोर आज्ञा देण्याचें कांहीं प्रयोजन नव्हतें.

परंतु त्या उत्तरांतील 'वैयक्तिक यंत्र' हा शब्द आमच्या मनांत राहिला. एकत्र कुटुंबांत वैयक्तिक असें असतें तरी किती? चष्मा, जानवें, दांतांची कवळी. फार तर औषधाची बाटली. मिताक्षरेच्या परंपरेंत अविभक्त द्रव्याची विल्हेवाट एकट्याच्या मर्जीनें लागत नाहीं. चार जणांची संमति लागते. येथें अकरा जणांच्या यंत्राची संमति एका बोटाच्या टोंकानें दिली गेली, आणि देणारीस तें ठाऊकहि नव्हतें. अनुमतिपत्र लिहिणारांच्या डोळ्यांपुढें एक माणूस आणि त्याचें एक यंत्र एवढेंच चित्र असतें. आमच्यासारख्या घरांची त्यांस कल्पना नाहीं, आणि त्यांनीं ती करावी अशी अपेक्षाहि व्यर्थ. तेव्हां विचार घरानेंच करावयास पाहिजे. ज्या घरांत लॅपटॉप सामाईक आहे आणि सून अगर मुलगा तो कचेरीच्या जाळ्यास जोडणार आहे, तेथें जोडण्याच्या आधीं कचेरीस चार गोष्टी निर्भीडपणें विचाराव्यात. पाहुण्यांच्या जाळ्यावर काम होईल का. यंत्रांत काय बसविणार. नोकरी सोडतांना कोणती आज्ञा देणार. आणि सर्व पुसावयाचें असल्यास आधीं कळविणार का. उत्तर लेखी घ्यावें. यंत्रांत प्रत्येकाचें खातें निराळें केलें म्हणजे भागलें, अशी एक समजूत आढळते. ती खोटी आहे. समूळ धुण्याच्या आज्ञेपुढें सगळीं खातीं सारखीं. प्रत निराळ्या डिस्कवर काढावी, आणि ती डिस्क कचेरीची पायरी कधीं चढूं नये. शंभर रुपयांची चीज नव्हे हें खरें, पण कुटुंबाच्या एका महिन्याच्या दुधाच्या बिलाहून ती महाग पडूं नये.

वंशावळीचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. आमचें मूळ घराणें वाईकडचें. पूर्वज येथें यात्रेस आले, आणि मागाहून कोणी राहिले. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंचीं नांवें पिढ्यान्‌पिढ्या उतरलेलीं असतात, हें वाचकांस माहीत आहेच. चैत्रांत सूनबाईस बरोबर घेऊन आम्ही आमच्या उपाध्यायांकडे गेलों. त्यांनीं आडनांव विचारिलें, गांव विचारिलें, आणि माळ्यावरून लांबट, लाल कापडांत बांधलेली वही काढिली. पाव घटकाहि लागली नाहीं. १८८९ सालच्या पानावर आमच्या पणजोबांच्या वडिलांची मोडी सही होती, आणि खालीं मुलांचीं नांवें. त्यांत एक नांव असें निघालें, जें आमच्या नष्ट झालेल्या वंशावळींतहि नव्हतें. लहानपणींच गेलेला कोणी मुलगा असावा. सूनबाईनें बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहिलें आणि विचारिलें, "नाना, मला मोडी शिकवाल?"

वहींत पुरुषांचीं नांवें मिळालीं. लेकी कोठें दिल्या, हें त्या पानांवर नाहीं. तें पेटींतल्या पत्रांतच आहे, आणि तीं पत्रें पुन्हां पहिल्यापासून वाचावीं लागत आहेत. नव्या कचेरीनें सूनबाईस स्वतःचाच लॅपटॉप दिला आहे. तो माजघरांत येत नाहीं, ओटीवरच्या कपाटांत राहतो. रात्रीं आठ वाजतां ती आणि आम्ही पेटी घेऊन बसतों. ती जोडाक्षरांवर अजून अडते, पण तारखा आतां आमच्याआधीं वाचिते. दोनशें चौदा पत्रांपैकीं सत्त्याण्णव उतरून झालीं आहेत. प्रथम वहींत, आणि मग यंत्रांत.